पाचवी सवाष्ण

"चार झाल्या. पाचवी कुठाय?"

कुमुदवहिनी तबक घेऊन हॉलच्या मधोमध उभ्या होत्या. समोर फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर माझी लेक ऋजुता. सातवा महिना, हिरवी साडी, गळ्यात-हातात मोगऱ्याचे दागिने. डोहाळजेवण तिचं. आणि तिची सख्खी आई, म्हणजे मी, कुठे? तर स्वयंपाकघराच्या दारात, हातात पाण्याचा जग घेऊन.

मला तिथे कोणी बांधून घातलं नव्हतं. सकाळीच कुमुदवहिनींनी मला बाजूला घेऊन, आवाजात मध घालून सांगितलं होतं, "शरयू, तू आतलं बघ हं. वाढायचं वगैरे. ओटीच्या वेळी जरा मागेच राहा. गुप्त्यांकडची माणसं आहेत, उगीच कोणी काही बोलायला नको."

गुप्ते म्हणजे ऋजुताचं सासर. त्यांच्यातलं कोणी कधी काही बोललं नव्हतं. बोलत होत्या त्या फक्त आमच्या कुमुदवहिनी, माझी थोरली जाऊ. माझे मिस्टर गेले तेव्हा ऋजुता नववीत होती. त्या दिवसापासून टिपणिसांच्या घरातलं प्रत्येक शुभकार्य या बाईनं माझ्या हातातून काढून घेतलं.

"शेजारच्या कर्णिकबाई येणार होत्या ना पाचव्या?" विहीणबाईंनी विचारलं.

"आत्ताच फोन आला. पाहुणे टपकलेत म्हणे त्यांच्याकडे. काय बाई तरी लोक!" कुमुदवहिनींनी हॉलभर नजर फिरवली. त्या स्वतः, विहीणबाई, विहीणबाईंची बहीण आणि जाऊ, अशा चौघींनी ओटी भरून झाली होती. उरलं कोण? ऋजुताच्या दोन मैत्रिणी, दोघींची लग्नं व्हायची होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत ऋजुताच्या आजेसासूबाई, त्यांचे यजमान कधीच गेलेले. दारात मी. आणि खिडकीजवळ नीलाब.

कुमुदवहिनींची नजर नीलाबवर येऊन थांबली. आता त्या तिला बोलावणार, हे मी ओळखलं. आणि खरं सांगते, लगोलग आनंदही झाला.

नीलाब माझी विद्यार्थिनी. हेरातची. तिकडे सगळं उलटंपालटं झाल्यावर लहानग्या लेकीला, सदफला, घेऊन ती आधी दिल्लीत आणि मग पुण्यात येऊन पडली होती. मी तेव्हा महापालिकेच्या शाळेतून नुकतीच रिटायर झाले होते. घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा बरं म्हणून एका संस्थेत नाव दिलं, तर त्यांनी या अफगाण बायकांना मराठी शिकवायला बसवलं. दुपारी शाळा सुटली की तिसरीच्या वर्गात आमचा वर्ग. एवढ्याएवढ्या बाकांवर या उंचनिंच बायका गुडघे दुमडून बसायच्या.

बाकीच्यांना मराठी हवी होती बाजारासाठी, दवाखान्यासाठी. नीलाबला मी पहिल्या दिवशी विचारलं तर ती हिंदीत म्हणाली, "लोक माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतात. काय बोलतात ते मला कळलं पाहिजे."

मला बाई तिथेच आवडली.

भराभर शिकली. पण बाहेर एक अक्षर बोलायची नाही. कोणी मराठीत काही म्हटलं की डोळे मोठे करून "मराठी नहीं आती" म्हणायची आणि कान टवकारून ऐकत राहायची. तिच्या जिन्यात एक बाई रोज मैत्रिणीला सांगायची, "हे लोक आंघोळ तरी करतात की नाही देव जाणे." ही रोज त्यांना हसून नमस्ते करायची. पुष्कळ दिवस ऐकून घेतलं आणि एका सकाळी जाता जाता म्हणाली, "रोज करतो, काकू. कढत पाण्यानं." ती बाई नंतर म्हणे लिफ्टनंच जायला लागली.

"अगं, आधीच बोलायचंस ना," मी म्हटलं.

"नाही बाई. मराठी दाखवायची नाही. मराठी ठेवायची. वेळेवर काढायची."

आमचा नात्यांचा धडा चालू होता तेव्हाची गोष्ट. सासू, सासरे, दीर, जाऊ. प्रत्येकीनं आपल्या घरच्या माणसाबद्दल एक वाक्य बोलायचं. नीलाब उभी राहिली आणि म्हणाली, "माझे मिस्टर वारले. त्यांना घरातून घेऊन गेले. परत आले नाहीत." इतकं सरळ बोलली, धड्यातलं वाक्य वाचावं तसं. मग मलाच विचारलं, "बाई, तुमचे मिस्टर?"

"माझेही वारले."

वर्ग सुटल्यावर ती थांबली. मी का कोण जाणे, तिला सगळं सांगून बसले. सवाष्ण म्हणजे काय, ओटी म्हणजे काय, कोणाचा हात चालतो, कोणाचा नाही. आणि ऋजुताच्या हळदीची गोष्ट.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी हळदीच्या वाटीत बोटं बुडवली होती. लेकीच्या गालाला लावणार, एवढ्यात कुमुदवहिनींनी माझं मनगट धरलं. घट्ट. सगळ्यांसमोर. म्हणाल्या, "शरयू, जरा मागे हो. शुभकार्य आहे."

मी ऋजुताकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

ते मनगट धरणं मी एकवेळ गिळलं असतं. ती खाली घातलेली मान मला गिळता आली नाही. जिला मी एकटीनं वाढवलं, शाळेतून दमून आल्यावर जिचे अभ्यास घेतले, तिला तोंडातून एक शब्द काढता आला नाही. मी बेसिनवर जाऊन हात धुतला. हळद कुठली जायला! तशीच पिवळी बोटं घेऊन मी पंगतीत जिलबी वाढली. आग्रह करकरून वाढली.

नीलाबनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "ती जाऊ अजून जिवंत आहे?"

"आहे की! ठणठणीत."

"मला बघायची आहे."

मी इतकी हसले की शिपाई डोकावून गेला. पण ते वाक्य मी विसरले नाही. लोक म्हणतात, सोडून द्यावं. का सोडावं? मी काही सोडलं नव्हतं. रात्रंदिवस जपलं होतं.

ऋजुताला दिवस गेले आणि कुमुदवहिनींनी जाहीरच केलं, "डोहाळजेवण माझ्याकडे." मोठा हॉल, झोपाळा, हौस. मी नाही म्हणणार होते. ऋजुता म्हणाली, "करू दे ना आई, काकू एवढं हौसेनं करतेय." मी म्हटलं, ठीक आहे. मला फक्त एक हवं होतं. लेकीच्या ओटीत माझ्या हातानं मूठभर तांदूळ. या खेपेला तरी ऋजुता मला हाक मारेल, एवढी वेडी आशा. तीही सकाळी त्या मधाळ आवाजानं मोडीत काढली आणि ऋजुता शेजारीच गजरा माळत बसली होती. ऐकू आलंच असणार. परत मान खाली.

नीलाबला मीच बोलावलं होतं. तिनं त्यांच्याकडची दुधाची बर्फी करून आणली होती, वर पिस्ते लावलेली. जांभळा झगमगीत पोशाख, ओठांना लाली, हातावर मेंदी, बोटात अंगठी. त्यांच्याकडे नवरा गेला म्हणून बाईचे रंग कोणी काढून घेत नाही. ती आल्यापासून कुमुदवहिनी तिच्यासमोरच सगळ्यांना सांगत होत्या, "शरयूची निर्वासित बरं का ही. बिचारी! यांच्यात बायकांना काही किंमतच नसते. एक गेली की दुसरी. आपण किती सुखी, नाही?"

नीलाब डोळे मोठे करून गोड हसत होती. मी ते हसू ओळखत होते. जिन्यातल्या बाईलाही ती तशीच हसायची.

तर कुमुदवहिनींची नजर तिच्यावर थांबली आणि त्यांचा चेहराच उजळला.

"अगं, ही आहे की! अफगाणिस्तानची सवाष्ण! कोणाकडे झालंय असं कधी? फोटो बघा कसा येतो." त्यांनी मैत्रिणींपैकी एकीला फर्मान सोडलं, "ए, मोबाइल घे. व्हिडिओच कर. आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकते."

"मुसलमान आहे ना ती?" विहीणबाईंची बहीण पुटपुटली.

"इश्श! आपण नाही बाई असलं काही मानत." कुमुदवहिनी तोऱ्यात म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "शरयू, नवरा आहे ना गं हिचा?"

हॉलमध्ये सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला खोटं बोलायचं नव्हतं. खोटं बोलून मिळवलेलं मला नकोच होतं.

मी म्हटलं, "तिलाच विचारा ना. मराठी शिकतेय ती."

"हिला काय कळतंय! दिसतंय की. अंगठी आहे, मेंदी आहे. डोळे आहेत मला." आणि त्यांनी हातवारे करत नीलाबला बोलावलं, "आओ, आओ. इधर. ये करने का है."

नीलाबनं माझ्याकडे पाहिलं. ओटी म्हणजे काय हे तिला पाठ होतं. कोणाचा हात चालत नाही, तेही. मी मान हलवून नको म्हटलं असतं, तर ती जागची हललीही नसती. मी मान हलवली नाही. जग हातात घेऊन तशीच उभी राहिले. ती उठली.

किती निगुतीनं भरली तिनं ओटी! डोक्यावर ओढणी घेतली. ऋजुताला हळद-कुंकू लावलं, कुंकवाचं बोट जराही हललं नाही. खण, नारळ, मग ओंजळीनं तांदूळ. मी वर्गात हातानं करून दाखवलं होतं, अगदी तसं. शेवटी तिनं ऋजुताच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

"वा वा वा!" कुमुदवहिनींनी टाळ्या पिटल्या. मोबाइल चालूच होता. त्या नीलाबच्या खांद्यावर हात टाकून कॅमेऱ्याकडे वळल्या. "तर मैत्रिणींनो, आमच्या ऋजुताची ओटी भरायला पाचवी सवाष्ण थेट अफगाणिस्तानहून आलीय! नीलाब, बोलो, बोलो. आप के मिस्टर का नाम क्या? क्या करते हैं?"

नीलाब हसली. आणि मग तिनं तिची ठेवणीतली मराठी काढली.

"माझ्या मिस्टरांचं नाव नादिर. ते काही करत नाहीत. ते वारले." थोडं थांबून, माझ्याकडे हात दाखवून म्हणाली, "मी विधवा आहे. टिपणीस बाईंसारखी."

झोपाळ्याची कडी तेवढी करकरली.

कुमुदवहिनींचा हात तिच्या खांद्यावरून असा उडाला, चटका बसावा तसा. "अगं बाई! अगं बाई गं! तो मोबाइल बंद कर आधी!" मग माझ्याकडे वळून, "शरयू! तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही मला मागे राहायला सांगितलंत ना वहिनी. मागून आवाज पोचत नाही."

अहाहा! काय सांगू ते वाक्य म्हणताना काय वाटलं! मनगटावरची तीन वर्षांची पकड सुटली.

पण बाई गप्प बसणारी नव्हती. थेट ऋजुताकडे धावली. "ऊठ ऋजू, ऊठ. काढ ते सगळं. ती ओटी तबकात रिकामी कर, आपण परत भरू. मी कर्णिकबाईंना हात धरून घेऊन येते. पोटात जीव आहे गं, काही विपरीत व्हायला नको..."

"कुमुद, जीभ आवर." कोपऱ्यातून आजेसासूबाईंचा आवाज आला. म्हातारीला मी तोवर बोलताना ऐकलंच नव्हतं. "कार्यात काय बोलावं कळत नाही तुला?"

कुमुदवहिनी ऐकताहेत कशाला! त्या ऋजुताच्या पदराला हात घालायला गेल्या. आणि ऋजुतानं पदर मुठीत गच्च धरला. नारळ, खण, तांदूळ, सगळ्यासकट पोटाशी.

"काकू, नको," ती म्हणाली. "मी ओटी काढणार नाही. भरलेली ओटी कोणी काढतं का?"

"अगं, पण तिनं भरलेली..."

"त्यांनी चांगली भरली." मग ती माझ्याकडे वळली. "आई, तू तिथे का उभी आहेस?"

इथे मी विरघळायला हवं होतं, नाही का? मी नाही विरघळले. तीन वर्षांचं सगळं घशाशी आलं.

"हा प्रश्न तुझ्या हळदीला विचारायचास," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. "तेव्हा मान खाली घातलीस. आज सकाळीही घातलीस. आता तुझ्या काकूची फजिती झाली म्हणून आई आठवली?"

विहीणबाई "अहो, असू दे, असू दे" म्हणत पुढे आल्या. नीलाबनं नुसता हात आडवा धरून त्यांना थांबवलं.

ऋजुता रडायला लागली. मोगऱ्याच्या बाजूबंदानंच डोळे पुसले. "घाबरले होते गं मी तेव्हा. वाटलं, खरंच काही वाईट झालं तर? बाबांसारखं झालं तर?"

"माझ्या हातानं?"

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "हो. वाटलं होतं तसं."

हे ऐकणं हळदीच्या दिवसाहूनही कठीण होतं. पण खरं होतं. निदान लेक माझ्या तोंडावर खरं बोलली.

"आणि आज?" मी विचारलं.

"आजही भीती वाटतेय." तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. "पण तू भर. तुझ्या हातचं नसेल तर मला बाकीच्यांचंही नको."

मी जग फ्रिजवर ठेवला. साडीला हात पुसले. झोपाळ्यापर्यंत पोचले तर मध्ये कुमुदवहिनी. तबक छातीशी धरून उभ्या, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांत पाणी. त्यांनाही रडू येत होतं. येऊ दे म्हटलं. माझं बेसिनवर कोणी पाहिलं होतं?

नीलाबनं त्यांच्या हातातून तबक काढून घेतलं. ओढलं नाही. लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घेतात तसं, हळूच. तरी त्या हलेनात.

मी त्यांचं मनगट धरलं. घट्ट. त्यांनी धरलं होतं त्याच जागी.

"वहिनी," मी म्हटलं, "जरा मागे व्हा. शुभकार्य आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग विहीणबाईंकडे पाहिलं, मैत्रिणींकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. अगदी माझ्या वेळी घातल्या होत्या तशाच.

त्या मागे झाल्या. होत होत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या.

मी लेकीला कुंकू लावलं. ओंजळ भरून तांदूळ घातले. दुसरी ओंजळही घातली, तिसरीही. पदर फाटेल म्हणून ऋजुता रडता रडता हसायला लागली. मागून आजेसासूबाई ओरडल्या, "सगळे संपवू नकोस गं. मला उठवा कोणीतरी. मीही राहिलेय!"

नीलाब आता कॅनडात असते. फोन करते तेव्हा माझ्याशी मराठीतच बोलते. तिथे आजूबाजूच्यांना कळत नाही, म्हणून तिला ती फार उपयोगी पडते. दर खेपेला एक प्रश्न ठरलेला, "ती जाऊ?"

"आहे की, ठणठणीत," मी सांगते.

ऋजुताला मुलगी झाली. गुटगुटीत, खणखणीत आवाजाची. आता शाळेत जाते आणि कोणाचं म्हणून ऐकून घेत नाही. परवा कुमुदवहिनींनी तिला फळीवरच्या डब्याला हात लावू नको म्हणून दटावलं, तर कमरेवर हात ठेवून त्यांनाच म्हणाली, "तू हो बाजूला." कुमुदवहिनींनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, बघ. त्या ओटीचा परिणाम आहे हा."

मी म्हटलं, "हो वहिनी. त्याचाच." आणि पोरीला डबा काढून दिला.